आकड्यामागचा खोका: इवल्या बेटाचा व्यापार कसा वाचावा

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जगभरच्या देशांवर लावायच्या आयातशुल्काची यादी जाहीर केली. तीत हर्ड आणि मॅकडॉनल्ड ही बेटं होती, १० टक्के शुल्कासह. ही बेटं ऑस्ट्रेलियाची, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वाटेवर. तिथे माणूस राहत नाही. पेंग्विन आहेत, सील आहेत, बर्फाने झाकलेला एक जागृत ज्वालामुखी आहे. पर्थच्या बाजूने बोट काढली तर पोचायला दोनेक आठवडे जातात. पेंग्विनांवर जगभर विनोद झाले. हसून झाल्यावर ज्यांनी जागतिक बँकेचे आकडे उघडले त्यांना मात्र दिसलं, की २०२२ मध्ये अमेरिकेने या निर्मनुष्य बेटांकडून सुमारे १४ लाख डॉलरचा माल 'आयात' केला होता. तोही जवळपास सगळा यंत्रसामग्री आणि विजेची उपकरणं या सदरातला.

असा आकडा समोर आला की करायचं काय, हे सांगण्यासाठी हा लेख. तुम्ही विद्यार्थी असा, बातमीदार असा, किंवा एखाद्या बेटाशी धंदा करायचा विचार करणारे असा, पहिल्यांदा असा तक्ता उघडला की डोकं चक्रावतंच. दोन मोठ्या देशांच्या व्यापारात लाखो खेपा असतात, त्यामुळे एखादी चुकीची नोंद गर्दीत विरून जाते. बेटाच्या बाबतीत वर्षाच्या खेपा बोटांवर मोजता येतील इतक्या असू शकतात. तिथे प्रत्येक आकड्यामागे एखादं जहाज, एखादा खोका किंवा कुणाची तरी एखादी चूक असते, आणि थोडी चिकाटी असेल तर ती सापडते.

पायरी १: बेटाची नोंद कुणाच्या नावावर होते ते पाहा

कस्टम्सला बेट ओळखता येत नाही, कोड ओळखता येतो. देशांना आणि प्रदेशांना दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड असतात: नॉरफोक बेटाचा एनएफ, पिटकेर्नचा पीएन, नौरूचा एनआर. तुमच्या बेटाला स्वतंत्र कोड आहे का, हे आधी बघा. ईस्टर बेटाला तो नाही. चिलीशी होणारी त्याची देवाणघेवाण हा देशांतर्गत व्यापार, आणि बाहेरच्या जगाशी होणारी चिलीच्या खात्यात. रियुनियनला कोड आहे, पण व्यापाराच्या हिशेबात ते फ्रान्समध्येच धरलं जातं.

उलट प्रकारही असतो. सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन दा कुन्हा या तीन बेटांना मिळून एकच कोड आहे, एसएच. नकाशावर ती एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर आहेत. सेंट हेलेनाच्या नावावर गोठवलेले लॉब्स्टर दिसले तर ते बहुतेक ट्रिस्टनचे असणार, हे कोड सांगत नाही, तुम्हाला माहीत असावं लागतं.

पायरी २: दोन्ही बाजूंचे आकडे उतरवून घ्या

संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा संग्रह सुरुवातीला पुरेसा आहे. त्यात १९६२ पासूनची आकडेवारी आहे. एकदा बेटाला नोंद करणारा पक्ष धरा आणि मोठ्या देशाला जोडीदार. मग उलट करा. म्हणजे 'अमेरिका सांगते, मी अमुक बेटाकडून इतकं घेतलं' आणि 'बेट सांगतं, मी अमेरिकेला इतकं विकलं' हे दोन वेगळे रकाने तुमच्याकडे येतील. ते जुळणार नाहीत. कधीच जुळत नाहीत, त्यामुळे घाबरू नका.

बहुतेकदा बेटाच्या बाजूचा रकाना रिकामाच असतो. काही शे किंवा काही हजार वस्तीच्या बेटावर स्वतंत्र सांख्यिकी खातं चालवणं परवडत नाही, किंवा चालवलं तरी आकडे वेळेवर पाठवले जात नाहीत. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. मी पहिला तक्ता बनवला तेव्हा एक्सेलमध्ये सगळ्या रिकाम्या चौकटींत शून्य भरलं आणि 'या बेटाने पाच वर्षं काहीच विकलं नाही' असं बिनदिक्कत लिहून टाकलं. बेटाने त्या पाच वर्षांचे आकडे पाठवलेच नव्हते. तेव्हापासून मी रिकाम्या चौकटीला पिवळा रंग देतो आणि पुढे जातो.

बेटाच्या बाजूने काहीच नसेल तर मोठ्या देशाच्याच आकड्यावर काम भागवावं लागतं. आरशात बघून दाढी करण्यासारखं आहे ते. होतं, पण डावं-उजवं उलटं असतं हे विसरायचं नाही.

पायरी ३: एकूण बेरीज सोडा, धडा उघडा

जागतिक कस्टम्स संघटनेची एचएस ही मालाची वर्गवारी १९८८ पासून वापरात आहे; तीत प्रत्येक मालाला एक आकडी कोड असतो. त्या कोडचे पहिले दोन अंक म्हणजे धडा. बेटांसाठी सगळे धडे पाठ करायची गरज नाही, अर्धा डझन पुरतात. ०३ म्हणजे मासळी आणि कवचधारी जलचर. २५ मध्ये फॉस्फेट, म्हणजे नौरू आणि ख्रिसमस बेट यांचा जुना आधार. २७ म्हणजे इंधन, जवळपास प्रत्येक बेटाच्या आयातीतला ठळक आकडा. ८४ आणि ८५ यंत्रं आणि विजेची उपकरणं. ८९ जहाजं. आणि ९९, म्हणजे ज्याचं काय करायचं ते कळलं नाही असं सगळं.

८९ वर जरा थांबू, कारण नवखा माणूस इथे हमखास फसतो. मार्शल बेटांची वस्ती २०२१ च्या जनगणनेत जेमतेम ४२ हजार होती. तरी दक्षिण कोरियाच्या निर्यातीच्या यादीत हे बेट-राष्ट्र अब्जावधी डॉलरचं गिऱ्हाईक म्हणून झळकतं. मार्शल बेटांचा झेंडा जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज-नोंदणींपैकी एक आहे. कोरियाच्या गोदीत बांधलेलं तेलवाहू जहाज मार्शल बेटांत नोंदलं गेलं की कागदावर ती निर्यात मार्शल बेटांना झाली. जहाज तिथल्या राजधानीच्या, माजुरोच्या बंदरात कधी फिरकलंच नाही तरी चालतं; मालक बहुधा तिसऱ्याच खंडात बसलेला असतो. म्हणून कोणत्याही बेटाचा तक्ता हाती आला की मी आधी ८९ वेगळा काढतो, उरलेल्याची बेरीज घेतो आणि मगच पुढचा विचार करतो.

धडा आणि बेट यांची सांगड घालून बघा. ख्रिसमस बेटाकडून फॉस्फेट आलं तर ठीक. मोबाईलचे सुटे भाग आले तर खुर्ची पुढे ओढून बसा.

पायरी ४: वर्ष फोडून महिने करा

वार्षिक आकडा बेटांबाबत दिशाभूल करतो. ट्रिस्टनला विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने आठवडाभर तरी लागतो, आणि वर्षभरात फेऱ्या मोजक्याच. समुद्र खवळलेला असेल तर जहाज बेटासमोर दिवसचे दिवस उभं राहतं, माल उतरत नाही. डिसेंबरातली फेरी जानेवारीत सरकली की एका वर्षाची निर्यात 'कोसळते' आणि पुढच्या वर्षाची 'उसळी घेते'. बेटावर काहीही बदललेलं नसतं.

पायरी ५: माल कुठून निघाला आणि कुठला आहे, हे वेगळं करा

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश.

ट्रिस्टन दा कुन्हाचाच लॉब्स्टर घ्या. बेटावर साधारण २३० माणसं. बेटावरच्या कारखान्यात किंवा मासेमारी जहाजावरच तो साफ होतो, गोठवला जातो, खोक्यात भरला जातो. ते खोके केपटाउनला उतरतात, तिथल्या शीतगृहात राहतात आणि मग अमेरिका, जपान अशा दूरच्या बाजारांकडे दुसऱ्या जहाजाने निघतात. आता अमेरिकेच्या बंदरावर कागद भरणाऱ्या माणसासमोर दोन रकाने येतात. मूळ देश कोणता, आणि माल कुठल्या बंदरातून चढवला. पहिल्याचं उत्तर सेंट हेलेनाचा कोड, दुसऱ्याचं दक्षिण आफ्रिका. त्याने दोन्ही नीट भरले तर अमेरिकेच्या आयातीत हा माल बेटाच्या नावावर येतो. घाईत दोन्हीकडे दक्षिण आफ्रिका लिहिलं तर बेट आकडेवारीतून नाहीसं होतं.

निर्यातीच्या बाजूने गंमत आणखी वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीनुसार आयात मूळ देशाच्या नावावर नोंदायची आणि निर्यात शेवटच्या ज्ञात मुक्कामाच्या नावावर. बेटावरून खोके निघाले तेव्हा अंतिम गिऱ्हाईक ठरलेलंच नसेल, तर बेटाचा कारकून लिहिणार 'दक्षिण आफ्रिका', आणि नियमाने ते बरोबरच. तोच खोका अमेरिकेच्या वहीत मात्र 'बेटाकडून आयात' म्हणून उतरतो. दोघेही खरं बोलतात आणि आकडे जुळत नाहीत.

म्हणून बेटाचा मालवाहतुकीचा मार्ग कागदावर काढा. शेवटचं मोठं बंदर कोणतं? पिटकेर्नची रसद न्यूझीलंडच्या बाजूने जाते. सेंट हेलेनाचा माल केपटाउनवरून. तुमच्या तक्त्यात त्या मधल्या देशाचा रकानाही घ्या. बेटाचा हरवलेला व्यापार बऱ्याचदा तिथे बसलेला असतो.

मासळीत आणखी एक मेख आहे. किरिबातीच्या हद्दीतल्या समुद्रात परदेशी जहाजाने टूना पकडला, तर सर्वसाधारणपणे तो टूना जहाजाच्या झेंड्याच्या देशाचा धरला जातो. समुद्र किरिबातीचा असूनही मासा तिचा नाही. किरिबातीला मिळतं ते परवान्याचं शुल्क, आणि ते मालाच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

पायरी ६: भाव कुठल्या टप्प्यावरचा?

निर्यातीची किंमत सहसा जहाजावर माल चढेपर्यंतची, म्हणजे एफओबी. आयातीची बऱ्याच देशांत विमा आणि भाडं धरून, म्हणजे सीआयएफ. सगळ्यांची नाही: ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा आयातही एफओबी किमतीने मोजतात, आणि अमेरिकेच्या कस्टम्स मूल्यात आंतरराष्ट्रीय भाडं-विमा नसतो. दोन बड्या बंदरांमध्ये हा फरक किरकोळ राहतो. दूरच्या बेटाला जाणारं जहाज बहुधा एका बाजूने रिकामं परत येतं, त्यामुळे भाडं चढं असतं. फॉस्फेटसारखा जड आणि स्वस्त माल असेल तर भाड्याचा वाटा आणखी फुगतो. किंमत पटत नसेल तेव्हा वजनाचा रकाना बघा. किलो भाड्याने फुगत नाहीत.

पायरी ७: चुकीचा माग काढा

आता परत हर्ड बेटाकडे. तिथे कारखाना नाही, धक्का नाही, माणूस नाही. आसपासच्या समुद्रात टूथफिश पकडतात, पण ती मासळी झाली, विजेची उपकरणं नव्हेत. मग १४ लाख डॉलर आले कुठून? बहुधा फॉर्म भरतानाच्या चुकीतून.

कुणाला शंका असेल तर देश निवडायची इंग्रजी यादी एकदा उघडून बघा, तीच जी फॉर्म भरताना खाली सरकत जाते. वर्णानुक्रमाने 'चायना'च्या लगेच खाली 'ख्रिसमस आयलंड' येतं. 'नॉरफोक आयलंड'च्या दोन-तीन ओळी खाली 'नॉर्वे'. 'ब्राझील'नंतर लगेच 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी'. ब्रिटन शोधणाऱ्याचं बोट तिथे थांबणं अगदी शक्य. कोडमध्येही तेच. हर्डचा एचएम, हाँगकाँगचा एचके, होंडुरासचा एचएन. दिवसाला शंभर फॉर्म भरणाऱ्या माणसाचं बोट एका अक्षराने घसरलं की निर्मनुष्य बेटावर इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग उभा राहतो.

नॉरफोक बेटाचं उदाहरण याहून बोलकं आहे. सुमारे २,२०० वस्ती, बाहेर विकण्यासारखं म्हणजे केंटिया पामचं बी. सुरुवातीच्या यादीत त्याच्यावर २९ टक्के शुल्क होतं. अमेरिकेला आमची कसलीच निर्यात आमच्या माहितीत नाही, असं तिथल्या प्रशासनाने सांगितलं. पत्रकारांनी जहाजी कागदपत्रं चाळली तेव्हा भलत्याच ठिकाणच्या खेपा बेटाच्या नावावर चढलेल्या सापडल्या. नॉरफोक नावाचा परगणा इंग्लंडमध्ये आहे आणि व्हर्जिनियात त्याच नावाचं मोठं बंदर आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

तुम्हालाही हे करता येईल. अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची जहाजी नोंद, म्हणजे बिल ऑफ लेडिंगमधला मजकूर, बऱ्याच अंशी सार्वजनिक असतो. तो विकणाऱ्या सेवा आहेत. काही दिवसांपुरत्या फुकट वापरता येतात. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, माल चढवलेलं बंदर बघा, मालाचं वर्णन बघा. बेटाच्या नावाखाली युरोपातल्या कुठल्याशा शहराचा पत्ता दिसला की काम झालं.

बेट एखाद्या तिसऱ्या देशाची पळवाट म्हणून वापरलं जात असेल का? अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी यादीचं समर्थन करताना हाच मुद्दा मांडला होता: कुणालाही वगळलं तर इतर देश तिथून माल वळवतील. तत्त्वतः शक्यता खरी आहे. पण माल वळवायला निदान धक्का आणि क्रेन लागते. चूक हे साधं स्पष्टीकरण आधी तपासा, कट नंतर.

पायरी ८: टक्केवारीपासून चार हात लांब

त्या २०२५ च्या शुल्काचं सूत्र सोपं होतं. अमेरिकेची त्या देशाशी असलेली मालाच्या व्यापारातली तूट (आयात वजा निर्यात) भागिले त्या देशाकडून झालेली आयात, आणि आलेल्याचं निम्मं. उत्तर १० पेक्षा कमी आलं तर १०. तूट आयातीपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून हे सूत्र ५० च्या वर जाऊच शकत नाही. जिथे ५० दिसतं तिथे व्यापार जवळजवळ एकतर्फी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या सँ पियेर आणि मिकलाँ या छोट्या फ्रेंच बेटांना सुरुवातीच्या यादीत नेमके ५० टक्के आले. समजा एखाद्या बेटाने वर्षभरात ३४ लाख डॉलरची मासळी विकली आणि मोठ्या देशाकडून १ लाखाचा माल घेतला. तूट ३३ लाख, भागाकार ९७ टक्के, निम्मं केलं की ४८ आणि थोडं वर. पुढच्या वर्षी ती मासळी दुसऱ्या बंदरात गेली तर तूटच उरणार नाही आणि सूत्र तळाला जाईल. म्हणून बेटाबद्दल लिहिताना 'निर्यात ४०० टक्क्यांनी वाढली' असलं वाक्य टाळा. 'दोन कंटेनरऐवजी दहा गेले' लिहा. वाचणाऱ्याला कळतं.

पायरी ९: जे कस्टम्समधून जातच नाही

काही गोष्टी फार छोट्या म्हणून सुटतात. अमेरिकेतून निर्यात करताना एका प्रकारच्या मालाची किंमत २,५०० डॉलरपेक्षा जास्त नसेल तर सहसा सविस्तर नोंद भरावी लागत नाही. तो भाग अंदाजाने धरतात. मोठ्या देशाला याने काडीचा फरक पडत नाही. पन्नासच्या आत-बाहेर वस्ती असलेल्या पिटकेर्नला येणारं-जाणारं बरंचसं टपालातून जातं, म्हणजे याच चाळणीतून गळतं.

काही गोष्टी मालच नसतात. अँग्विलाच्या वाट्याला इंटरनेटचा 'डॉट एआय' हा पत्ता आला. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये त्या पत्त्यांच्या नोंदणीतून बेटाला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. तुवालूला 'डॉट टीव्ही' असाच लाभला. मासेमारीचे परवाने, जहाजांच्या झेंड्याची फी, परदेशात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा, पर्यटकांचा खर्च हे सगळं त्याच पंगतीतलं. यासाठी कॉमट्रेड बंद करून बेटाचं अंदाजपत्रक उघडा. बेटाच्या सरकारचं अंदाजपत्रक छोटं असतं, एका दुपारी वाचून होतं, आणि माझ्या मते नवख्याने खरं तर तिथूनच सुरुवात करावी. मी ती पायरी नववी ठेवली कारण तक्ता उघडायचा मोह कुणालाच आवरत नाही.

पायरी १०: टिपण लिहून ठेवा

तुमच्या अंतिम तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी लिहा: कुणी नोंदवला, एफओबी की सीआयएफ, कुठला धडा, आणि तुम्हाला तो कितपत पटतो. हर्ड बेटाच्या ओळीत मी असं लिहीन: 'अमेरिकेची नोंद, २०२२, सुमारे १४ लाख डॉलर, मुख्यतः ८४ आणि ८५. बेट निर्मनुष्य. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासेपर्यंत बेरजेत धरू नये.' मग त्या देशाच्या सांख्यिकी खात्याला एक ईमेल पाठवा: बेटाचा कोड, वर्ष, महिना, सहा अंकी एचएस कोड आणि तुमची शंका, बाकी काही नको. आकड्यांत दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे सहा महिन्यांनी तीच फाईल पुन्हा उतरवून घ्या आणि जुनीशेजारी ठेवून बघा. जुनी पुसू नका.